कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून दुकानात दिला आणि आतला माल बदलून परत आला

मी अमळनेरला राहते, घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, बायोडाटा, निवेदनं, शाळेचे पेपर, कोणाचे ऑनलाइन फॉर्म, असं सगळं. १० वर्षं झाली. जे झालं ते नीट लिहिते, कारण माझ्यासारख्या घरी बसून काम करणाऱ्या खूप जणी आहेत खानदेशात आणि आपल्याला कॉम्प्युटर चालवता येतो पण त्याच्या डब्यात काय आहे ते माहीत नसतं, आणि बरोबर तिथंच मला फसवलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडं पत्रिकांची गर्दी सुरू होते आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर असा स्लो झाला की कोरल ड्रॉ, म्हणजे पत्रिका डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, उघडायला चार-चार मिनिटं. क्लिक केलं की नुसतं गोल फिरत राहायचं, मला वाटायचं क्लिक झालं नाही म्हणून परत क्लिक करायचे, मग थोड्या वेळानं दोन-दोन कोरल एकदम उघडायचे आणि सगळंच अडकायचं. समोर गिऱ्हाईक बसलेलं, चहा पिऊन झाला तरी फाइल उघडेना. मशीन २०१८ चं आहे, जळगावहून असेंबल करून आणलेलं, आय थ्री सेव्हन्थ जनरेशन प्रोसेसर, ८ जीबी रॅम (म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी), १ टीबी हार्ड डिस्क (जिथं सगळ्या फायली राहतात).

माझा भाचा धुळ्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याला फोन केला तर तो म्हणाला, मामी, कंट्रोल शिफ्ट एस्केप एकदम दाब, टास्क मॅनेजर उघडेल, कॉम्प्युटरच्या कोणत्या भागावर किती ताण आहे ते त्यात दिसतं, तिथं परफॉर्मन्सवर जाऊन सगळ्याचा व्हिडिओ काढ आणि पाठव. मी पाठवला. पण त्याचं सबमिशन चालू होतं, दोन दिवस त्याचा काही रिप्लाय आला नाही आणि इकडं माझ्याकडं सात पत्रिका अडकलेल्या. मी थांबले नाही, ही माझी पहिली चूक. पण तो व्हिडिओ मोबाइलमध्ये राहिला म्हणून पुढं काहीतरी हाताला लागलं, ते सांगतेच.

आमच्या ओळखीच्या एकानं जळगावचं एक दुकान सांगितलं. दुकानाचं नाव मी लिहीत नाही. यांनी कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळलं आणि आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं धरणगाववरून जळगावला गेलो. दुकान मोठं, काउंटरवर गर्दी, बोलणारा माणूस एकदम गोड. ताई बसा, भाऊ पाणी घ्या. त्यानं मशीन चालू केलं आणि एक स्क्रीन उघडून दाखवली, त्यात लाल लाल एरर, यादी संपेचना. म्हणाला, बघा ताई, शेकडो एरर आहेत, मदरबोर्ड वीक झालाय, व्हायरस पार हार्डवेअरपर्यंत गेलाय आणि हार्ड डिस्क तर जवळजवळ डेड आहे. वरून म्हणाला, विंडोज १० तर आता बंदच झालं, ते ठेवलं तर मशीन चालणारच नाही. मला घाम फुटला हो. सगळं काम त्यात.

आता मला कळलंय की ती लाल यादी म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, विंडोजची नोंदवही, आणि ती कोणत्याही चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरवर उघडली तरी त्यात लाल-पिवळ्या खुणा असतातच. एखादी छोटी सर्व्हिस उशिरा सुरू झाली तरी तिथं नोंद पडते. फोनवरून फसवणारे खोटे कस्टमर केअरवालेसुद्धा हीच स्क्रीन दाखवून घाबरवतात. आणि विंडोज १० चं म्हणाल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं नेहमीचे फुकट अपडेट थांबवले एवढंच खरं आहे, त्यामुळं सिक्युरिटीची काळजी घ्यावी लागते, पण मशीन बंद पडत नाही. अर्धं खरं सांगितलं की माणूस बाकीचं खोटं पण खरं मानतो.

चार दिवसांनी मशीन मिळालं. हिशोब असा सांगितला: नवीन एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) २,४००, मदरबोर्ड सर्व्हिसिंग १,८००, विंडोज १,२००, अँटिव्हायरस ६००, डेटा कॉपी ८००. एकूण ६,८००. बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागं पेननं आकडा लिहून दिला, म्हणाला, पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वरून लागेल ताई, कशाला उगीच. आम्हाला पण वाटलं वाचले पैसे. जुन्या हार्ड डिस्कचं विचारलं तर म्हणाला ती डेड झाली, भंगारात टाकली, पण तुमचा डेटा मी सगळा वाचवला. मी त्याचे आभार मानले. खरंच मानले.

घरी आणल्यावर दोन दिवस मस्त चालला. कोरल १५-२० सेकंदात. मी आणखी चार जणींना त्या दुकानाचं नाव सांगितलं, याचं मला आज जास्त वाईट वाटतं. तिसऱ्या दिवसापासून परत तेच. कोरल आणि क्रोम एकदम चालू केले की गोल फिरायला लागलं. दुकानात फोन केला तर म्हणे, ताई तुमची मशीन जुनी आहे, एवढंच चालणार, नवीन घ्या, एक्सचेंज करून देतो.

मग एका रविवारी भाचा भरीत खायला आला. थंडीत आमच्याकडं भरीताची वांगी येतात, सासूबाई काड्यांवर वांगी भाजत होत्या आणि मी कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ मळत होते. हा तेवढ्यात कॉम्प्युटरवर बसला आणि आतून ओरडला, मामी, तुझी एक रॅम कुठंय?

पिठाच्या हातानं मी गेले. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की रॅम बसवायच्या खाचांपैकी, म्हणजे स्लॉटपैकी, किती वापरात आहेत. तिथं दोनपैकी एक दिसत होता आणि वर ४ जीबी. त्यानं माझ्या मोबाइलमधला तो जुना व्हिडिओ लावला. त्यात स्पष्ट दिसतंय, ७.९ जीबी, दोनपैकी दोन. म्हणजे ४-४ च्या दोन रॅम होत्या, त्यातली एक काढून घेतली. आणि या ४ जीबीवर दुकानदारानं विंडोज ११ टाकून दिलं होतं. सेव्हन्थ जनरेशनचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसतच नाही, ११ साठी इंटेलचा एट्थ जनरेशनपासून पुढचा लागतो, तरी कायतरी जुगाड करून बसवलं. मग स्लो होणार नाही तर काय.

भाच्यानं क्रिस्टलडिस्कइन्फो म्हणून एक फुकट सॉफ्टवेअर टाकलं. ते डिस्कची कुंडलीच दाखवतं. त्यात एक ओळ असते, डिस्क एकूण किती तास चालू होती त्याची. नव्या डिस्कवर तिथं दोन-चार तास, फार तर माझ्या वापराचे चाळीस-पन्नास तास पाहिजे होते. तिथं आकडा होता १७,४१२. रोज आठ तास धरले तरी जवळजवळ सहा वर्षं झाली. आणि हेल्थ ५८ टक्के. मग त्यानं कॅबिनेटचं झाकण उघडलं. चार स्क्रूपैकी एक स्क्रू वेगळाच होता, जाड डोक्याचा. आत एसएसडीवर एका कोपऱ्यात जुनं स्टिकर खरवडून काढल्याचा डिंक तसाच, त्याला धूळ आणि एक केस चिकटलेला. २,४०० रुपयांची नवीन एसएसडी. मी ती हातात घेऊन किती वेळ नुसती बघत बसले. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, काय झायं वं माय? मला बोलताच येईना.

भाच्यानं जे समजावलं ते सांगते, कारण स्लो कॉम्प्युटरवाल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. माझ्या आधीच्या व्हिडिओत प्रोसेसर निवांत होता, १०-१५ टक्के, मेमरी निम्मी रिकामी, फक्त डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली. डिस्क १०० टक्के म्हणजे डिस्क खराब असं नाही, डिस्कला श्वास घ्यायला फुरसत नाही असा अर्थ. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वर हेड सरकत असतं, एक प्रोग्राम उघडायला बारीक बारीक फायली शोधत ते इकडून तिकडं पळतं, आणि त्याच वेळी मागं अपडेट, अँटिव्हायरस, क्लाउडवाले दोन-तीन प्रोग्राम पण तिच्याकडूनच मागत असतात. माझ्या स्टार्टअपमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर लावला की आपोआप सुरू होणाऱ्यांत, १४ गोष्टी चालू होत्या, तीन वर्षांपूर्वी फेकलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर सुद्धा. सी ड्राइव्हमध्ये फक्त ९ जीबी जागा उरलेली. एवढंच दुखणं होतं. स्टार्टअप बंद केलं असतं, जागा केली असती तर थोडा फरक तेव्हाच पडला असता, आणि एसएसडी टाकणं हा खरा इलाज होताच, ते मी नाकारत नाही. चांगली नवीन एसएसडी, माझ्या दोन्ही रॅम जागेवर, एवढं केलं असतं तर मी ६,८०० आनंदानं दिले असते. मदरबोर्डला काहीच झालेलं नव्हतं.

विंडोजचे १,२०० पण फुकट गेले. माझं विंडोज १० होम ओरिजनल होतं, त्याचं लायसन मदरबोर्डला जोडलेलं असतं, परत टाकलं की नेट लावल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. दुकानदारानं होमऐवजी प्रो टाकलं आणि क्रॅक मारला, म्हणजे लायसन न घेता चोरून चालू केलं, आणि त्यासाठी विंडोज सिक्युरिटीमध्ये आख्खा सी ड्राइव्ह तपासणीतून वगळून ठेवला. वरून ६०० रुपयांचा अँटिव्हायरस, तो ३० दिवसांचा ट्रायल निघाला.

पण पैशापेक्षा मला जे खाऊन राहिलंय ते वेगळंच. भाचा एकदम शांतपणे म्हणाला, मामी, डिस्क डेड होती तर डेटा सगळाच्या सगळा कसा कॉपी झाला? मी थिजलेच. डिस्क चांगली होती. १ टीबीची चालू डिस्क दुकानदारानं ठेवून घेतली. आणि त्या डिस्कवर काय होतं? माझ्या गिऱ्हाइकांचे आधार कार्ड, पॅन, बँक पासबुकचे स्कॅन, पोरींचे बायोडाटे फोटोसकट, मोबाइल नंबरसकट. विश्वासानं दिलेलं सगळं. आणि साधं डिलीट किंवा फॉरमॅट केलेलं असलं तरी ते परत काढता येतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत जळगावला. दुकानदार सरळ म्हणाला, एकच रॅम होती ताई. मी व्हिडिओ दाखवला, त्यावर तारीख आहे. मग म्हणाला पोरानं चुकून दुसऱ्या मशीनला लावली असेल. तिथंच काउंटरसमोर मी १९१५ ला फोन लावला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. फोन लागल्यावर त्याचा आवाज बदलला. रॅम परत दिली, १,५०० रुपये परत दिले. डिस्क मात्र भंगारवाल्याकडं गेली यावरून हलला नाही. ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. माझ्याकडं पक्कं बिल नाही, पण निम्मे पैसे यूपीआयनं दिलेत त्याची नोंद आहे, व्हिडिओ आहे, २०१८ चं जुनं बिल कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत सापडलं आणि त्यावर त्या हार्ड डिस्कचा सीरियल नंबर पेननं लिहिलेला आहे.

तुम्ही मशीन कुठंही द्या, जवळच्या पोराकडं द्या नाहीतर मोठ्या दुकानात, देण्याआधी टास्क मॅनेजरचा व्हिडिओ काढा, झाकण उघडून रॅमचे आणि डिस्कच्या स्टिकरचे फोटो काढा आणि दुकानदाराला ते काढलेत हे सांगा. जुना पार्ट बदलला तर जुना हातात मागा, विशेषतः डिस्क, ती डेड असली तरी आपली आहे. मशीन परत घेताना तिथंच उभं राहून किती तास चाललेली डिस्क आहे ते बघा. एवढं करताना कोणी तोंड वाकडं केलं तर मशीन उचलून घरी या. चांगली माणसं राग मानत नाहीत, आमच्याच गावातल्या एका दादानं नंतर नवीन एसएसडी समोर डबा फोडून बसवून दिली आणि बिल पण दिलं, भाच्यानं विंडोज १० होम परत टाकलं, ते आपोआप ॲक्टिव्हेट झालं, आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट जोडून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे जादा सिक्युरिटी अपडेट पण चालू करून दिले. कोरल आता चहा गाळेपर्यंत उघडतं.

राहिलं गिऱ्हाइकांचं. मी वही काढली आणि ज्यांची ज्यांची कागदं माझ्याकडं होती त्यांची नावं लिहिली, ४३ झाली. रोज संध्याकाळी चार-पाच जणांना फोन करते, काय झालं ते खरं सांगते, आधारचं बायोमेट्रिक लॉक कसं करायचं ते सांगते, ज्यांना जमत नाही त्यांना घरी बोलावून करून देते. दोघं रागावले, एक काकू रडल्या कारण त्यांच्या मुलीचा बायोडाटा होता. आज सकाळपर्यंत ३२ झाले, ११ राहिलेत.