एक इंची ड्रेन की दीड इंची? माशांच्या चार फुटी टँकचा ओव्हरफ्लो दोनदा करून घेतल्यावरचा रिव्ह्यू

टँक 4 फुटी आहे, 120 बाय 45 बाय 50 सेंटिमीटर, म्हणजे कागदावर 270 लिटर, आत मलावी सिक्लिड जातीचे मासे. पुण्यात धायरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. टँकच्या खाली संप, म्हणजे फिल्टर आणि पंप ठेवायची दुसरी टाकी, लावायचा म्हणून एका दुकानातनं ओव्हरफ्लो बॉक्स (टँकमधलं वरचं पाणी ज्यात सांडतं तो कप्पा) आणि ड्रेन (तिथून ते संपात उतरवणारा पाईप) करून घेतला. ड्रेन किती साइजचा लागेल असं मी विचारलं होतं, तर "ताई, एक इंची बास होतंय, सगळ्यांना तेच देतो" एवढंच उत्तर मिळालं. पंप कुठला, तो किती पाणी फेकतो, हे त्यांनी विचारलंच नाही, आणि हा पहिला प्रश्न असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

काम दिसायला स्वच्छ होतं, सिलिकॉनची लाइन अगदी सरळ, त्यात खोट काढणार नाही. पण पहिल्याच रात्री आवाज सुरू झाला. दर दीड-दोन मिनिटांनी कोणीतरी फ्लश ओढतंय असा. बॉक्समधलं पाणी हळूहळू वर चढायचं, मग पाईपमध्ये हवा जायची बंद होऊन तो सायफनसारखा पाणी ओढायचा, बॉक्स रिकामा झाला की हवा गिळून मोठ्ठा गुरगुराट, आणि पुन्हा पहिल्यापासून. ड्रेनची साइज पंपाला पुरत नसेल तर अगदी हेच होतं, पण आम्हाला वाटलं नवीन आहे, बसेल हळूहळू.

तीन आठवड्यांनी पहाटे हॉलमध्ये पाणी. एक ट्रम्पेट गोगलगाय पाईपच्या तोंडात जाऊन अडकली होती, ड्रेन एकच, दुसरी वाटच नाही, आणि पंप बिचारा खालचं पाणी वर फेकत राहिला. त्यात आदल्या दिवशीच मी संप काठोकाठ भरलेला. खालच्या काकूंच्या छताला ओल आली, त्यांना जाऊन सांगताना फार वाईट वाटलं मला. दुकानात फोन केला तर गोगलगाय आमच्या कामात येत नाही म्हणाले.

मग मी स्वतः मोजायला बसले, आणि हा रिव्ह्यू लिहायचं कारण तेच आहे.

पंपाच्या खोक्यावर तासाला 4000 लिटर लिहिलंय. हा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हाचा. आमच्याकडे संपापासून टँकच्या काठापर्यंत 1.4 मीटर चढ आहे. रिटर्नचा पाईप, म्हणजे पंपाचं पाणी वर टँकमध्ये नेणारा, 20 लिटरच्या बादलीत सोडला आणि मोबाइलवर वेळ लावली, 30 सेकंदात भरली, म्हणजे तासाला 2400 लिटर. हे सगळ्यांनी करावंच, पाच मिनिटांचं काम आहे, फक्त बादली टँकच्या काठाच्या उंचीला धरायची, जमिनीवर ठेवून मोजलं तर आकडा जास्त येतो.

आता ड्रेन. खरा एक इंची पाईप हवा आणि पाणी दोन्ही घेऊन, म्हणजे उघडा, शांतपणे चालवायचा असेल तर तासाला साधारण 2200-2300 लिटरपर्यंतच धरतात. दीड इंचीचं आतलं क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणून तो 5000 च्या आसपास जातो. म्हणजे खरा एक इंची असता तरी आमचं काठावरच होतं. पण तो खरा एक इंची नव्हताच! काढून मोजला तर 25 मिलिमीटरचा पाईप निघाला. हा घोळ आपल्याकडे फार होतो. मिलिमीटरवाल्या पीव्हीसी पाईपचं माप बाहेरचं असतं, आत 21-22 मिलिमीटरच उरतात. इंचात मिळणारा प्लंबिंगचा एक इंची यूपीव्हीसी बाहेरून 33.4 असतो आणि शेड्युल 40 (पाईपच्या जाडीचा एक प्रकार) घेतला तर आत साडेसव्वीसच्या आसपास. दोन्हीला काउंटरवर 'एक इंची' म्हणतात, पण पहिल्यात वाट जवळपास एक तृतीयांश कमी. आणि क्रीम रंगाचा सीपीव्हीसी एक इंची अजून तिसराच, त्याचं बाहेरचं माप 28.6, तो यूपीव्हीसीच्या एल्बोत बसतच नाही. त्यामुळे पाईप घ्यायला जाताना व्हर्नियर नाहीतर निदान पट्टी तरी न्या.

सगळं सामान दुसऱ्यांदा बोहरी आळीतनं आणलं. पार्किंगचा त्रास आहेच, पण तिथे टँक निपल (काचेच्या होलात बसवून पाईप जोडायचा तुकडा), युनियन (उघडता येणारा जोड), गेट व्हॉल्व्ह (चाक फिरवून पाणी हळूहळू कमीजास्त करायचा) सगळं हातात घेऊन बघता येतं आणि दुकानदार मापावर बोलतात. एकाने तर मला कुठल्या निपलला किती मिलिमीटरचं होल लागेल ते निपल हातात घेऊन मोजून दाखवलं. माझ्या एक इंचीला 45 आणि दीड इंचीला 60 लागलं, पण कंपनीगणिक हे बदलतं, म्हणून आधी निपल विकत घ्या आणि मगच काचेला होल मारा.

होल मारायला सिंहगड रोडच्या एका काचवाल्या काकांना बोलावलं. या माणसाच्या कामाला माझ्याकडून पैकीच्या पैकी. आल्याआल्या त्यांनी विचारलं, "ताई, काच टफन तर नाही ना?" टफन काचेला होल मारता येत नाही, अख्खी काच फुटून तुकडे होतात. मग लॅपटॉपची पांढरी स्क्रीन काचेच्या मागे धरून माझ्या पोलराइज्ड गॉगलमधनं बघितलं, टफन असेल तर डाग आणि पट्टे दिसतात, आमच्या मागच्या काचेला काही नव्हतं. काकांनी डायमंड बिट वापरला, पाण्याची धार सतत चालू, जोर अजिबात नाही, एका होलला दहा मिनिटं घेतली. काठापासून होलच्या व्यासाएवढी तरी काच सोडायची हेही त्यांनीच सांगितलं. निपलचं गॅस्केट (रबरी चकती) आतून, पाण्याच्या बाजूला, नट हाताने घट्ट आणि वर पाव आटा, गॅस्केटला सिलिकॉन लावायचं नाही.

आता रचना अशी आहे. मेन ड्रेन खरा एक इंची, पूर्ण पाण्याने भरून सायफनवर चालतो, खाली गेट व्हॉल्व्हने आवळलेला. बाजूला दीड इंची इमर्जन्सी, त्याचं तोंड थोडं वर, एरवी कोरडा. तुम्ही म्हणाल आत्ता तर एक इंचीला नावं ठेवत होते. पण पाईप हवेशिवाय भरून चालला की तेवढ्याच मापातून पाणी खूप जास्त जातं, आमचे 2400 सहज जातात आणि व्हॉल्व्ह तरी बराच बंद ठेवावा लागतो. मोठा हवा तो इमर्जन्सी, कारण मेन तुंबला तर सगळा भार एकट्या त्याच्यावर येणार. मेनचं खालचं टोक संपाच्या पाण्यात इंचभरच बुडवा, जास्त खोल गेलं तर लाइट आल्यावर आतली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन सुरू व्हायला वेळ लागतो. आवाज? मध्यरात्री पंख्याचा येतो, टँकचा नाही. खरंच.

व्हॉल्व्ह मात्र गेटच घ्या. मी आधी घरात पडलेला बॉल व्हॉल्व्ह लावला होता, दांडी केसभर हलली की पातळी चार बोटं वरखाली, दोन दिवसांत काढून टाकला. आणि बॉक्सच्या दातेरी काठाची लांबीही बघा, आमच्या पाण्याला साधारण 25 सेंटिमीटर तरी हवी होती, पहिल्या बॉक्सची 15 होती.

गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते तेव्हा टँकमधलं पाणी साधारण 3 सेंटिमीटर उतरतं, म्हणजे 16 लिटर, तेवढी जागा संपात रिकामी ठेवली आहे, खूण करून. आणि उलटी परीक्षाही घेतली, दोन्ही ड्रेनवर हात दाबून धरले आणि मुलाला पंपाकडे बघायला सांगितलं. संपातल्या पंपाच्या कप्प्यातलं पाणी संपून पंप कोरडा पडला तेव्हा वर काठाला अजून बोटभर जागा होती. त्यानंतर मी खाली जाऊन काकूंना सांगून आले.

एकच तक्रार राहिली आहे. मेनच्या तोंडावरची जाळी फार बारीक आहे, शेवाळ धरते, दर रविवारी ब्रशने घासावी लागते. जरा मोठ्या भोकांची पण गोगलगाय न जाणारी शोधतेय, बोहरी आळीत दोन चकरा झाल्या, अजून मिळालेली नाही.