‘सगळं धरून एकच रेट’ म्हणणाऱ्या एजंटाने प्रदर्शनात आम्हाला कसं कापलं

यंदा कुणी मोठ्या प्रदर्शनात स्टॉल घ्यायच्या विचारात असेल आणि एजंट ‘सगळं धरून एकच रेट’ म्हणत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

आमचा कारखाना सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत. बेदाणा ग्रेडिंगची मशीन बनवतो. तासगाव, पंढरपूर, विजापूर भागातली गिऱ्हाइकं एकमेकांच्या सांगण्यावरून येतात, त्यासाठी प्रदर्शन लागत नाही. पण हीच चाळण्यांची मशीन काजू-मखाण्यालाही चालते, म्हणून दिल्लीकडच्या एका फूड प्रोसेसिंग प्रदर्शनात जायचं ठरलं. तेवढ्यात पुण्याच्या एका एजंटाचा फोन आला. तो ‘महाराष्ट्र पॅव्हेलियन’ उभं करणार होता. नऊ चौरस मीटरचा स्टॉल, वर कंपनीच्या नावाची पट्टी, टेबल, दोन खुर्च्या, तीन स्पॉटलाइट, प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये नाव आणि ‘बायर मीटिंग’, म्हणजे खरेदीदारांशी भेटी. हे सगळं १ लाख ३५ हजार अधिक १८ टक्के जीएसटी. “सर, तुम्ही फक्त मशीन घेऊन या, बाकी आमच्यावर सोडा.”

त्याची खरी करामत अशी होती, की त्याने आयोजकाकडून स्वतःच्या नावावर मोठी मोकळी जागा घेतली आणि तिचे तुकडे पाडून आमच्यासारख्यांना विकले. बहुतेक आयोजकांच्या नियमांत अशी पोटभाड्याने जागा द्यायला मनाई असते. म्हणजे आयोजकाच्या दप्तरी आम्ही नव्हतोच. पुढचा सगळा त्रास यातूनच आला.

ज्याच्या नावावर बुकिंग, त्यालाच आयोजक ‘एक्झिबिटर मॅन्युअल’ पाठवतो. प्रदर्शनाचा खरा खर्च त्या मॅन्युअलमध्ये असतो. वीज किती किलोवॅट हवी, फोर्कलिफ्ट लागेल का, कॉम्प्रेस्ड एअर, इंटरनेट, विमा, किती माणसांचे बिल्ले, प्रत्येकाचा वेगळा फॉर्म आणि वेगळी शेवटची तारीख. तारीख उलटली की वरून दंड. आम्ही एजंटाकडे मॅन्युअल मागितलं, तर म्हणाला, “ते आमचं टेक्निकल काम आहे सर, तुम्हाला कशाला त्रास.”

मशीन लावायच्या दिवशी हॉलमध्ये पोचलो. स्टॉलमध्ये ५ अँपिअरचा एक प्लग. आमच्या मशीनला ३ एचपीची थ्री फेज मोटर. तिथल्या इलेक्ट्रिशियनने यादी चाळली आणि म्हणाला, “आप के नाम पे कुछ नहीं है.” एजंटाला फोन केला, तर त्याचं उत्तर, “लाइट आहे ना सर, स्पॉटलाइट लागलेत की.” थ्री फेजचं कनेक्शन कमीत कमी ५ किलोवॅटचंच मिळणार होतं, दर किलोवॅटला ४,२०० रुपये, वर उशिराचा ५० टक्के अधिभार आणि जीएसटी. म्हणजे ३७ हजारांच्या वर. मोटर चालणार जेमतेम सव्वादोन किलोवॅटवर. पण बंद मशीन घेऊन तीन दिवस बसायला सांगलीहून कोण येतं? भरले.

मग फोर्कलिफ्ट. हॉलमध्ये स्वतःचे हमाल, स्वतःची क्रेन आणता येत नाही, आयोजकाने नेमलेल्या एकाच कंपनीकडून माल उतरवून घ्यावा लागतो. हे बेकायदा नाही आणि सुरक्षेच्या दृष्टीने त्यात तथ्यही आहे, पण दर वजनावर नसतो, घनमीटरवर असतो, हे आम्हाला तिथेच कळलं. आमच्या सुताराने मशीनला धक्का लागू नये म्हणून अडीच मीटर लांब, दीड मीटर रुंद, एक मीटर साठ उंच अशी ऐसपैस पेटी ठोकली होती. बरोबर ६ घनमीटर, त्यातली निम्मी पोकळी. १,८०० रुपये घनमीटर, उतरवताना एकदा आणि चढवताना एकदा. रिकामी पेटी हॉलमध्ये ठेवता येत नाही, म्हणून ती सांभाळायचे ४,२०० आणखी. मशीन अशी कुठे जाणार असेल तर पेटी सुताराच्या मनाने नको, टेप लावून बनवून घ्या.

ट्रक, हॉटेल, जेवणखाण, छपाई धरून अडीच-पावणेतीन लाखांचा अंदाज होता, खर्च चार लाखांच्या आसपास गेला. या धंद्यात एक ढोबळ हिशेब सांगतात: जागेचं भाडं एकूण खर्चाच्या साधारण एक तृतीयांश. हॉलच्या भाड्यावरून लग्नाचा खर्च काढू नये, तसंच हे. आमचा एजंट मात्र भाड्यालाच एकूण खर्च म्हणून विकत होता.

परत आल्यावर दुसरा फटका बसला. एजंटाच्या बिलावर ‘स्टॉल’ हा शब्दच नव्हता, ‘मार्केटिंग सर्व्हिसेस’ लिहिलं होतं. केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची प्रोक्युअरमेंट अँड मार्केटिंग सपोर्ट नावाची योजना आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना तिच्यातून मान्य प्रदर्शनांच्या जागाभाड्याची भरपाई मिळते. एजंटाने पहिल्या फोनवर हेच गाजर दाखवलं होतं. आयोजकाचं बिल नाही, आयोजकाच्या यादीत नाव नाही, मग भरपाई कशाची मागायची? शिवाय त्याने ते बिल स्वतःच्या जीएसटी रिटर्नमध्ये दाखवलंच नाही. आमच्या खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवर ज्या २बी पत्रकात दिसतात, त्यात ते आलं नाही, त्यामुळे भरलेल्या जीएसटीची वजावट, म्हणजे २४,३०० रुपयांचं क्रेडिटही गेलं. जीएसटी आमच्याकडून घेतला तो घेतलाच.

वकिलामार्फत नोटीस पाठवली. उत्तर आलं, की कोटेशनमध्ये लिहिलेलं सगळं दिलं आहे. आणि खरंच, कोटेशनमध्ये विजेची ओळ नव्हती. ‘सगळं’ हा शब्द फक्त फोनवर होता. कॅटलॉगमधलं नाव? ते त्याच्या स्वतःच्या चार पानी पत्रकात छापलेलं. बायर मीटिंग म्हणजे एका संध्याकाळी पॅव्हेलियनमधल्याच आम्हा स्टॉलवाल्यांची एकमेकांशी ओळख. जीएसटीचा मुद्दा मात्र त्याला टोलवता आलेला नाही, तेवढं प्रकरण चालू आहे.

कुणी एजंटामार्फत जाणारच असेल, तर स्टॉल नंबर घ्या आणि आयोजकाच्या कार्यालयात स्वतः फोन करून विचारा, की हा नंबर कुणाच्या नावावर आहे. आमच्या शेजारच्या स्टॉलवाल्या ताईंनी तसं आधी विचारलं असतं तर त्या आल्याच नसत्या, असं त्याच म्हणाल्या. बिल आयोजकाचंच घ्या, त्यावर तुमचा जीएसटी नंबर घालून घ्या. एजंट ‘काय मिळणार’ ते भरभरून लिहून देतो. तुम्ही ‘काय मिळणार नाही’ ते मेलवर मागा. माल पाठवताना विक्रीचं बिल करू नका, डिलिव्हरी चलन करा आणि ई-वे बिलात, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन जीएसटी परवान्यात, प्रदर्शनासाठीचा पर्याय निवडा, म्हणजे परतीला वाटेत अडचण येत नाही.

प्रदर्शनात नाव छापून आलं की आणखी माशा घोंगावतात. ‘अधिकृत हॉटेल पार्टनर’ म्हणून आगाऊ पैसे मागणारे, व्हिजिटरांची यादी विकणारे. सगळ्यात महागडा प्रकार परदेशी डिरेक्टरीचा. प्रदर्शनाचं नाव ठळक टाकून ‘आपली माहिती तपासून सही करून पाठवा’ असा फॉर्म येतो. खाली बारीक अक्षरांत तीन वर्षांची जाहिरात आणि वर्षाला हजारेक युरो असं लिहिलेलं असतं. जगभरच्या प्रदर्शन आयोजकांची संघटना यूएफआय अशा डिरेक्टऱ्यांविरुद्ध जाहीर इशारे देत आली आहे. कुणी सही करून बसला असेल, तर वसुलीच्या मेलना घाबरून पैसे भरू नका. आधी वकिलाला कागद दाखवा आणि आयोजकाला कळवा.