नौपाड्यातला शनिवारचा वर्ग: रॉयल्टीचा हिशेब इथे उलगडला

ठाण्यात घंटाळीजवळ एका सोसायटीच्या हॉलमध्ये गुंतवणुकीचा हा वर्ग चालतो. चार शनिवार, संध्याकाळी पाच ते सात, फी 2,500 रुपये. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. 2010 च्या थ्रीजी लहरींच्या (स्पेक्ट्रमच्या) लिलावानंतर एका मोबाइल कंपनीचे शेअर घेतले आणि दहा वर्षं तोटा सोसला. नवं तंत्रज्ञान आलं की सगळ्यांचंच भलं होणार, असं धरून चालले होते. ते कुठे चुकलं, हे या वर्गात समजलं.

तिसऱ्या शनिवारी सरांनी टेबलावर दोन फोन ठेवले. एक 14,000 चा, दुसरा 80,000 चा. "काकू, हिशेब तुम्हीच मांडा," म्हणत मार्कर माझ्या हातात दिला. फोन बनवणारे दुसऱ्याचं पेटंट असलेलं तंत्रज्ञान वापरण्याबद्दल त्या पेटंटवाल्या कंपनीला पैसे देतात, ती रॉयल्टी. अशीच एक अमेरिकन कंपनी क्वालकॉम. तिचा फाइव्हजी फोनसाठी जाहीर दर किमतीच्या 3.25 टक्के, पण किंमत 400 डॉलरपर्यंतच धरायची. म्हणजे स्वस्त फोनमागे फार तर 455 रुपये आणि महागामागे फार तर 13 डॉलर. महाग फोन म्हणजे रॉयल्टीही सहापट, हा माझा समज तिथेच गळाला. नोकिया आणि एरिक्सन याही पेटंटवाल्या कंपन्या. नोकियाचा 2018 चा जाहीर दर फोनमागे जास्तीत जास्त 3 युरो, एरिक्सनचा अडीच ते पाच डॉलर. टक्केवारी दुकानातल्या भावावर नसून उत्पादकाच्या विक्रीकिमतीवर लागते आणि प्रत्यक्ष करार वेगळेही ठरतात, हे सरांनी दोनदा बजावलं.

मग त्यांनी माझी जुनी चूक सोडवून दाखवली. लिलावाचा पैसा सरकारकडे जातो, टॉवरचा खर्च सेवा देणाऱ्या कंपनीच्या डोक्यावर बसतो. पेटंटवाल्याला पैसे मिळतात ते फोन विकला गेला की. 1 ऑक्टोबर 2022 ला आपल्याकडे फाइव्हजीचं उद्घाटन झालं, पण रॉयल्टी येते ती गोखले रोडवर कुणीतरी जुना फोन टाकून नवा घेतो तेव्हा. तीही सुखासुखी येतेच असं नाही. एरिक्सन आणि भारतीय फोन कंपनी लाव्हा यांचा पेटंटवरून 2015 पासूनचा वाद. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने लाव्हाला 244 कोटी भरायला सांगितले ते मार्च 2024 मध्ये. शेअर घेताना ही वाट बघण्याची वर्षंही मोजायची, हे मी वहीत अधोरेखित करून ठेवलंय.

एक गोष्ट मात्र खटकली. अमेरिकेतले शेअर कसे घ्यायचे हे सविस्तर सांगितलं, पण त्यांच्या लाभांशावर तिकडे 25 टक्के कर कापला जातो आणि इथल्या आयकर विवरणपत्रात शेड्यूल एफए (परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता) भरावं लागतं, हे शेवटच्या दहा मिनिटांत, तेही एकाने विचारलं म्हणून. आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांना हे पहिल्याच दिवशी कळायला हवं. सरांना तसं सांगितलं, त्यांनी लिहूनही घेतलं.

हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर पाच-दहा मिनिटं आधी निघा, आणि पुढची खुर्ची धरा. मागून फळा दिसत नाही.