आईच्या चटणीचा डंक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

आई जानेवारीत गेली. दर उन्हाळ्यात ती लक्ष्मीपुरीतनं मिरची घेऊन ह्याच डंकावर (मिरची-मसाला कुटायच्या यंत्रावर) यायची, ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, अख्ख्या घराची वर्षाची कांदा-लसूण चटणी, पुण्यातल्या ताईचा डबासुद्धा त्यातच. यंदा पहिल्यांदाच मी एकटी गेले, ५ किलो मिरची घेऊन. डंकावरच्या मावशींनी पिशवी बघूनच ओळखलं, म्हणाल्या, आक्का खोबरं चांगलं लाल भाजून आणायच्या, हे कच्चं हाय, आणि तिथंच परत भाजून दिलं, त्याचे पैसेपण घेतले नाहीत. कुटणं एकदम बारीक, गिरणीसारखा मसाला तापत नाही त्यामुळं वास टिकतो. एप्रिलात गर्दी लई असते, सकाळी ७ लाच जावा. घरी येऊन डबा उघडला तर बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसते उभे राहिले.