आई-बाबांना घेऊन इंग्लिश पबमध्ये: सहा महिन्यांचा अनुभव

आई-बाबा डिसेंबरात इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरातल्या लीड्सला आले आणि मे संपता संपता पुण्याला परत गेले, तेवढ्यात घराजवळच्या एकाच पबमध्ये आम्ही दहा-बारा रविवार तरी जेवलो असू. बाबांच्या डोक्यात पब म्हणजे परमिट रूम, त्यामुळे आधी "नातीला घेऊन तिथे?" असं झालं, मग शेजारच्या टेबलाखाली झोपलेला कुत्रा आणि वर नातवाला भरवणारी आजी बघून गप्प बसले.

पहिल्या दिवशी वीस मिनिटं वेटरची वाट बघितली. इथे आपणच टेबल नंबर लक्षात ठेवून बारवर जायचं, ऑर्डर आणि पैसे दोन्ही तिथेच. आणि एकदा साडेचारला गेलो तर रोस्ट (भाजलेलं मांस, बटाटे आणि ग्रेव्ही असं रविवारचं खास जेवण) संपलेला, तेव्हा दुपारी एकचं बुकिंग करा.

बाबांचं ठरलेलं, रोस्ट चिकन आणि यॉर्कशायर पुडिंग. नावात पुडिंग असलं तरी गोड नाही हां, मैदा-अंडं-दुधाचं पीठ कडकडीत तुपट भांड्यात ओतून फुगवलेलं असतं. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने 2008 मध्ये सांगून टाकलं की चार इंचांपेक्षा बुटकं ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे 😄 पूर्वी हे ग्रेव्हीत भिजवून आधी वाढायचे, म्हणजे पोट भरून मांस कमी लागतं. बाबा म्हणाले, मठ्ठा पाजून जिलब्या वाचवायचा प्रकार! इंग्लिश मस्टर्ड मात्र त्यांना फार आवडली, फेसलेल्या मोहरीसारखी थेट नाकात जाते. मशी पीज म्हणजे फोडणी द्यायची राहून गेलेला रगडा, ते आम्ही सोडून दिलं.

खरी कसरत आईची, कारण ती अंडंही खात नाही. मेनूवर व्हेज लिहिलं तरी त्यात अंडं असू शकतं, रोस्ट बटाटे कधीकधी प्राण्यांच्या चरबीत केलेले असतात, आणि यॉर्कशायरमध्ये चिप्स बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गोमांसाच्या चरबीत, तळायची जुनी पद्धत आहे. एकदा आम्हाला "हो हो, व्हेज आहेत" सांगून चिप्स दिल्या आणि आईने अर्ध्या खाल्ल्यावर कळलं की त्या चरबीतच तळलेल्या होत्या. ती काही बोलली नाही पण संध्याकाळी जेवलीही नाही. तेव्हापासून जेवणात फक्त व्हीगन लिहिलेलंच, आणि ॲलर्जीची यादी मागायची, 14 गोष्टी असतात त्यात, अंडं धरून. पण चरबी त्या यादीत नसते!! ते वेगळं विचारा.

गोडात स्टिकी टॉफी पुडिंग सगळ्यात भारी, खजुराचा गरम केक आणि वर टॉफी सॉस, पण त्यात अंडं. मग आईला मिळालं रुबार्ब क्रंबल. रुबार्ब म्हणजे जाड देठांची एक भाजी; लीड्सजवळच्या वेकफिल्डच्या बाजूला थंडीत अंधाऱ्या शेडमध्ये ती वाढवतात, मेणबत्तीच्या उजेडात काढतात, गुलाबी आणि कैरीसारखी आंबट. वर मैदा-बटर-साखरेचा भुगा. आणि सोबतचं कस्टर्ड? त्यात मुळात अंडं असतं. बारवर विचारलं, पावडरचं होतं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने 1837 मध्ये बायकोला अंड्याची ॲलर्जी म्हणून हे बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं, हे आईला सांगितल्यावर ती म्हणाली, चांगला होता हो माणूस. पुढचे सगळे रविवार तिने फक्त क्रंबल खाल्लं, जेवण घरूनच उरकून यायची.

परवा आईचा फोन आला, कैरी घालून क्रंबल केलंय म्हणे, साखर जरा जास्त लागली.