प्रकाशन समारंभ की प्रकाशनपूर्व नोंदणी?

स्वतःचं पुस्तक स्वतःच खपवायचं, तर मराठी लेखकापुढे हमखास दोन वाटा असतात. सभागृह घेऊन प्रकाशन समारंभ करा, नाहीतर व्हॉट्सॲप-फेसबुकवर प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करून घरूनच प्रती पाठवा.

समारंभाचा थाट मोठा, खर्चही मोठा: भाडं, पाहुण्यांचा प्रवास, शाल-श्रीफळ, चहा-बटाटेवडे. शंभर माणसं आली तरी निम्मे नातेवाईक, आणि त्यांना प्रत भेटच हवी असते! प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक उघडलेलं नाही, हे भाषणाच्या तिसऱ्या वाक्याला कळतं. तरी एखादा अनोळखी वाचक पैसे मोजून प्रत घेतो आणि सहीसाठी थांबतो, ते सुख फोनवर नाही.

नोंदणीत पैसे आधी हाती येतात, किती छापायचं याचा अंदाज लागतो, विक्रेत्याचं कमिशन वाचतं. डोकेदुखी टपालाची. रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सोय डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली. १ मे २०२५पासून पुस्तकं पाठवायला टपाल खात्याचं ‘ज्ञान पोस्ट’ आलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये. पण व्यावसायिक स्वरूपाचं प्रकाशन त्यात चालत नाही, त्यामुळे आधी टपाल कार्यालयात विचारलेलं बरं. शिवाय तोच संदेश चौथ्यांदा टाकला की मित्रही गट म्यूट करतात.

पहिला कवितासंग्रह असेल तर मी डोळे झाकून नोंदणी म्हणेन. गावाचा इतिहास लिहिला असेल, तर मात्र त्याच गावच्या देवळात, जत्रेच्या आदल्या दिवशी प्रकाशन करा. सुटे पैसे भरपूर ठेवा.