भाडं थकलंय, घरही सोडत नाही: सक्षम प्राधिकारी, स्मॉल कॉज कोर्ट की मांडवली?

मी पुण्यात घरोघरी जाऊन भाडेकरार रजिस्टर करून देतो, लॅपटॉप, वेबकॅम आणि थंब मशीन एवढंच दुकान. करार झाला की माझं काम संपतं खरं, पण वर्षभराने फोन येतोच, "दादा तू केलेला ना तो करार, तो माणूस चार महिने भाडं देत नाहीये आणि आता फोनही उचलत नाही." अशा वेळी मी आधी भांडण ऐकत नाही, म्हणतो कागद काढा आणि वरची ओळ वाचा, कारण पुढे कुठं जायचं ते तुमच्या रागावर नाही, त्या ओळीवर ठरतं.

तिथं 'लीव्ह अँड लायसन्स' (म्हणजे ठराविक मुदतीपुरती घर वापरायची फक्त परवानगी, भाडेकरूचे हक्क नाहीत) लिहिलं असेल, घर राहण्यासाठी दिलं असेल आणि करार रजिस्टर असेल तर रस्ता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशाच अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 24. मुदत संपली की समोरच्याने घर रिकामं करायचं, नाही केलं तर ताबा तर द्यायचाच, वर ठरलेल्या फीच्या (लायसन्समध्ये भाड्याला फी म्हणतात) दुप्पट दराने नुकसानभरपाई. आणि लेखी करारात जे लिहिलंय तेच पक्कं धरलं जातं, त्यामुळे "आमचं तोंडी वेगळं ठरलेलं, मी तर भाडेकरूच आहे" हे फारसं चालत नाही. समन्स मिळाल्यावर त्याने 30 दिवसांत अॅफिडेव्हिट करून लढायची परवानगी मागायची असते, नाही मागितली तर तुमचं म्हणणं मान्य धरून ऑर्डर होते.

आता यातली मेख, जी लोकांना उशिरा कळते. हे कलम मुळात मुदत संपल्यावरच्या ताब्यासाठी आहे, थकबाकी वसुलीसाठी नाही. करार चालू असताना जे महिने बुडाले ते पैसे मागायला वेगळा दावा, तोही कोर्टात. म्हणून मुदत संपायला दीड-दोन महिने उरले असतील तर मी सरळ सांगतो, नोटीस पाठवून ठेवा आणि थांबा. आणि मुदत संपल्यावर त्याने गुपचूप जीपेवर भाडं टाकलं तर गप्प बसू नका, हे नुकसानभरपाईपोटी घेतलंय असं लेखी कळवा, नाहीतर उद्या तो म्हणणार करार पुढे चालूच होता. दुकान किंवा ऑफिस असेल तर हा रस्ता विसरा, तिथं कोर्टच.

दुसरा रस्ता, स्मॉल कॉज म्हणजे लघुवाद न्यायालय, जिथं ते नाही तिथं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. जुने भाडेकरू, वाड्यातले, पागडीवाले सगळे इकडे. माझ्या मित्राच्या काकांचा शनिवार पेठेत वाडा आहे, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड महिना 180 रुपयांवर, दोन वर्षं भाडं नाही. काका खूश, म्हणाले आता सापडला. मी म्हटलं काका, हिशोब करा.

कलम 15 असं की आधी थकबाकीची लेखी मागणी करणारी नोटीस, ती मिळाल्यावर 90 दिवस थांबायचं, मगच दावा. दावा टाकला, समन्स लागला, की त्याला आणखी 90 दिवस मिळतात, त्यात त्याने थकलेलं भाडं, 15 टक्के साधं व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढे निकाल लागेपर्यंत नियमित भरत राहिला तर या कारणावरून घर खाली करायचा हुकूम होत नाही. म्हणजे 24 महिन्यांचे 4,320 रुपये, व्याज धरून पाच हजारांच्या आसपास, एवढ्यात माणूस सुटला! काकांच्या वकिलाची नोटिशीची फीच त्यापेक्षा जास्त होती. वर पुढे कळलं की मधे सहा महिने काकांनीच भाडं नाकारलेलं, आणि त्या माणसाने प्रत्येक परत आलेली मनीऑर्डर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली, तारखेनुसार लावून. ती पिशवी मी बघितली तेव्हाच म्हटलं हे काही खरं नाही.

जुन्या भाडेकरूसाठी थकबाकी हे सगळ्यात पोकळ कारण, हे माझं स्पष्ट मत. कलम 16 मधली कारणं बघा: परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, सहा महिने घर विनाकारण बंद पडलंय, किंवा मालकाला स्वतःला खरोखर गरज आहे. त्यावर दावा उभा राहतो. वेळ लागतोच, पण निदान तो पाच हजारात संपत नाही.

मधले लटकलेले लोक म्हणजे नोटरीवाले, करार रजिस्टर न करता फक्त नोटरीचा शिक्का मारून घेतलेले. "अकराच महिने तर आहेत, रजिस्टर कशाला." दुसऱ्या राज्यात 11 महिन्यांची ती पळवाट चालत असेल, आपल्याकडे कलम 55 आहे, करार लेखी आणि रजिस्टर हवाच आणि जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरतात, उलटं सिद्ध करायचं तुम्ही, शिवाय 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. 18,000 भाडं, 50,000 डिपॉझिट, 11 महिने, याला स्टँप ड्युटी जेमतेम पाचशे आणि शहरात नोंदणी फी 1,000. हे वाचवायला लोक जे करतात ते बघून हसावं की रडावं कळत नाही. (मॉडेल टेनन्सी अॅक्टचा "दोन महिने दुप्पट, मग चौपट" वाला मेसेज पाठवू नका मला, तो केंद्राचा 2021 चा नमुना आहे, इथं आपला 1999 चाच.)

तिसरा रस्ता मांडवली, आणि इथं आत्याची गोष्ट. कोथरूडचा वनबीएचके, वरचेच आकडे. शेवटचे तीन महिने फी नाही, म्हणजे 54,000, आणि मुदत संपून दोन महिने तरी माणूस तिथंच. नोकरी गेलेली त्याची, बिचारा वाईट नव्हता, पण आत्याचा हप्ता बँक थांबवत नाही. चुलतभाऊ म्हणाला पाणी तोडू, कुलूप लावू. मी हात जोडले. भाडेकरूचं पाणी-वीज तोडणं हा कलम 29 खाली गुन्हा आहे, आणि लायसन्सवाल्याचं सामान बाहेर फेकलं तरी तो पोलीस चौकीत जाणार, मग अर्ज तुमचा आणि तक्रार तुमच्यावर.

तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज टाकला. समन्स लागल्यावर आठव्या दिवशी त्याचा फोन. दुप्पट दराने दोन महिन्यांचे 72,000 अधिक जुने 54,000 (त्याला दावा वेगळा लागला असता, पण देणं ते होतंच) असा 1,26,000 चा आकडा त्याने वाचलेला. शेवटी ठरलं असं की डिपॉझिटचे 50,000 आत्याने ठेवायचे, वर त्याने 20,000 द्यायचे, 20 दिवसांत घर सोडायचं. आत्या चिडली, छप्पन्न हजार पाण्यात म्हणाली. पण पुढचा भाडेकरू 20,000 ने तयार होता आणि घर अडकलेला प्रत्येक महिना तिचाच जाणार होता, म्हणून मीच रेटलं. अर्ज टाकायच्या आधी हीच बोलणी तीनदा झालेली, तेव्हा तो "बघतो" म्हणायचा.

भाडेकरू वाचत असाल तर तुमचंही गणित हेच: करार लायसन्सचा असेल तर मुदतीनंतर राहिलेला प्रत्येक महिना दुप्पट पडतो, जुने भाडेकरू असाल तर भाडं भरल्याचा, आणि नाकारलं असेल तर नाकारल्याचा पुरावा ठेवा. आणि पैसे नसतील तर फोन बंद करू नका.

मांडवली तोंडी करू नका मात्र. अर्ज चालू असेल तर अटी लिहून तिथंच दाखल करा. ताबा घेताना आत्याने मला बोलावलेलं, दोन्ही किल्ल्या, लाईट मीटरच्या रीडिंगचा फोटो, सोसायटीचा मेंटेनन्स भरल्याची पावती, आणि साध्या कागदावर "आज रोजी ताबा दिला" असं त्याच्या हातचं. त्यातली एक किल्ली गच्चीची निघाली, मग तासभर खरी किल्ली शोधण्यात गेला.